स्पोर्ट, स्पोर्ट प्लस आणि आईचा डोळा

॥ श्री ॥
सिरसाळा
दि. २ जुलै २०२५

चि. अजिनाथ यास,
बंकटचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

इकडे आम्ही सगळे खुशाल. तुझी खुशाली विचारायची इच्छा नाही, पण पत्राची रीत आहे म्हणून विचारतो. तुझा नंबर मी ब्लॉक केलाय आणि तूही माझा केलास, असं तुझी बहीण सांगते. म्हणून हे पत्र रजिस्टरनं, पोचपावती लावून पाठवतोय. मिळालंच नाही म्हणायची सोय ठेवलेली नाही.

मुद्द्यावर येतो. १८ जूनला सासूबाईंच्या उजव्या डोळ्याचं ऑपरेशन ठरलं होतं. मोतीबिंदू पिकलाय, डावा डोळा आधीच अधू आहे, लांबवू नका, असं डॉक्टर बजावून सांगत होते. ती तारीख मी मिळवली. दुकान बंद ठेवून दोनदा अंबाजोगाईला जाऊन बसलो. आदल्या दिवशी गाडी घेऊन तुझ्या दारात मुक्कामाला आलो. आणि एवढं करून काय झालं, तर आपण दोघं दवाखान्यात पोचलो आणि जिचा डोळा, ती नांदूरघाटला ओट्यावर! दीड वाजेपर्यंत उपाशी! याला जबाबदार तू आहेस, तुझा तोरा आहे आणि तुझी ती छताला भोक पाडलेली गाडी आहे.

गाडीचंही एकदाचं बोलून घेऊ. गाडी घेताना तू मला विचारलंस. दाजी, तुमी म्हणाल ती घेतो, असं माझ्या दुकानात खताच्या पोत्यावर बसून म्हणालास. मी तुला खुलासेवार सांगितलं की माझी 'स्पोर्ट' आणि ती 'स्पोर्ट प्लस' या दोन्हीत इंजिन तेच, एकशेवीस घोड्यांचं. सायलेन्सरला दोन नळकांडी तीच, चाकं तीच, बंपरवरची लाल रेघ तीच. प्लसमध्ये जे जास्त आहे ते सगळं बसणाऱ्याच्या चोचल्याचं आहे, चालवणाऱ्याच्या कामाचं काही नाही. गाडी चालवायची तर क्लच पाहिजे, सहा गिअर हातात पाहिजेत. ऑटोमॅटिक गाडी माणूस चालवत नाही, नुसता धरून बसतो. हे सगळं ऐकून मान डोलावलीस आणि पंधरा दिवसांनी प्लस घेऊन आलास. वर तुमच्या गावच्या पानटपरीवर सांगितलंस की दाजीचं मॉडेल बारकं आहे. मला कळतं सगळं.

आता ऐक. पंचमी २९ तारखेला आहे. मंगलला न्यायला मुराळी म्हणून तू येणार. खुशाल ये, पण त्या गाडीत येऊ नकोस. एसटीनं ये. आणि येताना १८ जूनची चूक तुझी होती असं लिहून आण. नाहीतर मंगल माहेरी येणार नाही. लग्नाला एकोणीस वर्षं झाली, एक पंचमी चुकली नाही तिची. यंदा चुकली तर तुझ्यापायी.

सासूबाईंना माझा नमस्कार सांगणे.

तुझा (नाइलाजानं)
बंकटदाजी


नांदूरघाट
दि. ७ जुलै २०२५

श्री. रा. रा. बंकटदाजींना,
अजिनाथचा सा. न. वि. वि.

तुमचं रजिस्टर पोचलं. पोस्टमन दारात उभा राहून विचारत होता की कोर्टाची नोटीस हाय का. मी सांगितलं, त्याच्यापेक्षा वाईट हाय, दाजीचं पत्र हाय.

दाजी, मान तुमचा मोठा. तुमी आल्यावर आमी बाज झटकून टाकतो, पाय धुवायला पाणी देतो. पण म्हणून खोटं किती ऐकायचं? १८ तारखेला सकाळी काय झालं ते तुमी अर्धंच लिहिलं. उरलेलं मी लिहितो.

आईचं बोचकं तुमी उचलून तुमच्या डिक्कीत टाकलं. दवाखान्याची फाईल मी माझ्या गाडीत ठेवली. मग तुमी म्हणालात, सासूबाई माझ्या गाडीत बसतील, तारीख मी आणली. मी म्हणालो, आई माझी हाय, माझ्या गाडीला मागं एसी हाय, तिला उलटी होती, ती माझ्यात बसंल. त्याच्यावर तुमी काय काय बोललात ते सगळ्या गल्लीनं ऐकलं. शेवटी तुमी दार आपटून म्हणालात की ठेव तुझ्या आईला तुझ्याच गाडीत. आन् त्याच टायमाला मी म्हणालो की न्या मग तुमीच, मी बोलतच न्हाई. तुमी माझं ऐकलं न्हाई, मी तुमचं ऐकलं न्हाई. तुमाला वाटलं फाईल तिकडं, म्हणजे म्हातारी तिकडं. मला वाटलं बोचकं तिकडं, म्हणजे आई तिकडं. आन् आई गेलती मागल्या दारी, शेळीला पाला टाकायला. दोन दिवस घरी न्हाई म्हणून.

आमची रोहिणी तवा तिच्या माहेरी नसती तर तिनं तरी आडवलं असतं. आईचा फोन बोचक्यात, बोचकं तुमच्या डिक्कीत. दवाखान्यासमोर आपल्यात कोण आधी पोचलं ह्याच्यावरून तास घातला, तवा डिक्कीत फोन वाजत हुता. मंगलताईचा फोन हुता तो, आई पोचली का विचारायला. आठवतंय का?

आता गाडीचं. तुमाला इंजिन सारखं दिसतं, बाकी काय दिसत न्हाई. माझ्या गाडीला चारी चाकांना डिस्क ब्रेक हायेत, तुमच्या मागल्या चाकांना जुन्या पद्धतीचे ड्रम. माझे गिअर स्टेअरिंगच्या मागं बोटावर बदलतात. सात स्पीकर हायेत. सीटला लाल दोरा हाय. तुमचा डावा पाय क्लच दाबून दाबून लंगडायला लागला, तरी तुमी म्हणता ह्यालाच मर्दानी गाडी म्हणतात. आन् केजच्या चौकापासून मी पुढं हुतो. मेंढरं आडवी आली म्हणून थांबलो. मेंढरांचा धंदा हाय माझा, मी त्यांच्यावर गाडी घालीत न्हाई. तुमी बाजूनं धुरळा उडवत निघून गेलात, त्याला जिंकलं म्हणत न्हाईत.

मुराळी एसटीनं येणार न्हाई. भाऊ बहिणीला न्यायला येतो तवा असंल त्यातलं चांगलं वाहन घेऊन येतो. माझा बाप बैलगाडीला नवी झूल घालून आत्याला आणायला जायचा. मी स्पोर्ट प्लसच आणणार, दारासमोर लावणार आन् हॉर्न वाजवणार. बहिणीला पाठवायचं न्हाई तर नका पाठवू, पण मग गावाला कारण सांगायची तयारी ठेवा. चूक तुमचीच हुती, ती तुमी लिहून द्या.

माऊलीला मामाचा गोड पापा. तुमच्या आईला, भामाबाईंना दंडवत.

आपला मेहुणा, आणि तेवढाच,
अजिनाथ


सिरसाळा
दि. १२ जुलै २०२५

अजिनाथ,

यावेळी आशीर्वाद लिहीत नाही. मागचेच उरले असतील तर वापर.

माझा पाय लंगडत नाही. मी तुझ्या आधी आठ मिनिटं पोचलो; मेंढरांनी तुला एवढा वेळ अडवलं असेल तर ती मेंढरं तुझ्याच ओळखीची असणार. ड्रम ब्रेकनं माझी गाडी तुझ्या आधी दवाखान्यासमोर उभी राहिली, ही गोष्ट तिथल्या वॉचमनला विचार. सात स्पीकर काय चाटायचे आहेत? शेळ्यांच्या लेंड्यांचा वास जातो का त्यांनी?

ज्यानं गाडी घेताना माझा सल्ला पायदळी तुडवला, तो माझ्या दारात तीच गाडी आणून हॉर्न वाजवणार, आणि मी बायकोला तिच्यात बसवून वर हात हलवायचा? माझं डोकं फिरलेलं नाही. अट तीच. एसटी आणि लेखी कबुली. मंगल दोन दिवस झाले नीट बोलत नाही, तिला तूच फूस लावली असशील.

बंकट


सिरसाळा
दि. १७ जुलै २०२५

चि. अजिनाथ,
अनेक आशीर्वाद.

हे पत्र माऊलीच्या पप्पांना न सांगता लिहितेय. फोनवर बोलायला गेलं की तू लगेच गाडीवर जातोस आणि माझं बोलणं राहून जातं. म्हणून आज कागदावर लिहिते. कागदाला मध्येच बोलता येत नाही.

परवा शेजारच्या उज्ज्वलाकडून आईनं मला फोन लावून घेतला. आकडे दिसत नाहीत आता तिला. सांगत होती की चुलीवरचं पातेलं उतरवताना हात भाजला, थोडाच. थोडाच म्हणजे किती, तू बघितलास का? त्याच घरात राहतोस ना तू? चहात साखरेऐवजी मीठ पडलं, तेव्हा तू हसलास म्हणे. अजिनाथ, त्यात हसायचं काय होतं रे?

मी अंबाजोगाईच्या डॉक्टरांना फोन केला. सप्टेंबरच्या शेवटापर्यंत तारखा भरल्यात. एकच दिवस मोकळा आहे, २९ जुलै. पंचमीला चिरायचं नाही, कापायचं नाही, तवासुद्धा ठेवायचा नाही, म्हणून आपल्या भागातलं कुणी त्या दिवशी डोळ्याला सुरी लावून घ्यायला येत नाही. दुसऱ्या जिल्ह्यातले दोन पेशंट आहेत, तिसरी जागा मी आईच्या नावानं धरून ठेवायला सांगितलीय.

तू एसटीनं ये रे. वाकलास असं समज, पण ये. तू एसटीनं येतोस म्हटल्यावर मला इथून निघता येईल, आईला तू आण, आपण अंबाजोगाईला भेटू. दिंडं नंतर करू, झोका नंतर खेळू. मला यंदा माहेर नको, मला आईचा डोळा पाहिजे. याच्यापेक्षा सोपं मला लिहिता येत नाही.

तुझी
मंगलताई


नांदूरघाट
दि. २१ जुलै २०२५

सौ. मंगलताईस,
सा. न.

पत्र वाचलं. आईचा हात बघितला, हळद लावली, बरा हाय. तू उगं घाबरती.

पंचमीच्या दिवशी डोळा कापायचा म्हणती, डोकं ठिकाणावर हाय का ताई? गाव काय म्हणंल? सप्टेंबरात करू, आई कुठं पळून चालली. आन् एसटीनं यायचं म्हणती, तर दाजीनं ती अट घातली तवा तू काय केलं? मी एसटीनं आलो तर दाजी उद्या सगळ्या सिरसाळ्याला सांगतील की मेहुण्याची मस्ती उतरवली. माझी पण काही इज्जत हाय. त्यांनी लेखी मागं घ्यावं, मी त्याच दिवशी गाडी धुऊन निघतो. तोवर न्हाई म्हणजे न्हाई.

आईला काय सांगू नको, ती लई मनाला लावून घेती.

तुझा भाऊ
अजिनाथ


(पोस्टकार्ड)
सिरसाळा, दि. २५ जुलै २०२५

अजिनाथ, पंचमी चार दिवसांवर आली. मुराळ्याचा पत्ता नाही, कबुलीचा पत्ता नाही. मंगलला सांगून टाकलं, यंदा बॅग भरू नकोस. तिनं डॉक्टर, २९ तारीख असलं काहीतरी सुरू केलं होतं. मी म्हटलं, तुझ्या भावाची चूक तुझ्या भावानं निस्तरावी. पोस्टकार्ड मुद्दाम टाकलंय, पोस्टमननंही वाचावं. बंकट.


गेवराई
दि. ३१ जुलै २०२५

माऊलीचे पप्पा आणि चि. अजिनाथ,

दोघांना मिळून एकच पत्र लिहितेय. झेरॉक्स काढून दोन्हीकडं रजिस्टर केलंय, पोचपावती लावून. ही रीत तुमच्याकडूनच शिकले. नमस्कार, आशीर्वाद ज्याला जे लागू असेल त्यानं ते घ्यावं.

२८ तारखेला मी भावाचा उपास धरला होता. पंचमीच्या आदल्या दिवशी बहीण भावासाठी उपाशी राहते, ते मी सोडलं नाही. अजिनाथ, तू त्या दिवशी काय जेवलास ते मला कळवू नकोस. दुपारी एक वाजता मी ओसरीत तांदूळ निवडत बसले होते. माऊली पळत आला आणि म्हणाला की स्टँडवरच्या रिक्षावाल्यानं नांदूरघाटची आजी आणून सोडलीय.

आई आली होती. एकटी. नांदूरघाटहून केज, केजहून अंबाजोगाई, तिथून परळी, परळीहून सिरसाळा. चार गाड्या बदलल्या. बोर्ड वाचता येत नव्हता म्हणून दर ठिकाणी कंडक्टरचा हात धरून विचारत आली. परळीला चुकीच्या गाडीत बसली होती, एका कॉलेजच्या पोरीनं उतरवून बरोबर गाडीत बसवलं. दारात आल्यावर मला म्हणाली की पंचमीला मुराळी आला नाही असं माझ्या लेकीच्या बाबतीत व्हायचं नाही, म्हणून मीच मुराळी होऊन आले. मला रडू आवरलं नाही. अजूनही लिहिताना आवरत नाही, आणि ते दुःखाचं कमी आणि संतापाचं जास्त आहे, हे तुम्हाला दोघांना कळावं म्हणून लिहिते.

पत्र तिला मी लिहिलं नव्हतं, तूही काही सांगितलं नव्हतंस, अजिनाथ. पण तुमची पत्रं तू मोठ्यानं वाचून रोहिणीला ऐकवत होतास. आईचा डोळा गेलाय, कान गेलेले नाहीत. २९ तारखेचंही तिला ऐकूनच कळलं होतं. मी विचारलं, आई, पंचमीच्या दिवशी सुरी चालेल का तुला? ती म्हणाली, नागोबाला मी समजावून सांगते, तो या दोघांपेक्षा लवकर ऐकेल.

माऊलीचे पप्पा, तुम्ही दुकानात होतात. मी माऊलीला भामाबाईंकडं ठेवलं, चिठ्ठी लिहून तुमच्या जेवणाच्या ताटाखाली ठेवली आणि आईला घेऊन निघाले. तुमची परवानगी मागितली नाही. मागितली असती तर तुम्ही गाडी काढली असती, मग अजिनाथनं काढली असती, आणि आई पुन्हा ओट्यावर राहिली असती.

ऑपरेशन पंचमीला सकाळी नऊ वाजता झालं. वीस मिनिटं लागली. वीसच मिनिटं! त्याच्यासाठी महिनाभर तुम्ही दोघांनी पोस्ट खातं राबवलं.

३० तारखेला पट्टी काढली. डॉक्टरांनी भिंतीवरचं घड्याळ दाखवलं तर आईनं काटे सांगितले. मग ती माझ्या तोंडाकडं बघत बसली आणि म्हणाली की तुझे केस किती पांढरे झाले गं, मला कुणी सांगितलंच नाही. तेवढ्यात खाली आरडाओरडा सुरू झाला. मी वरच्या खिडकीतून बघितलं. फाटकात तुमच्या दोन्ही गाड्या तोंडाला तोंड लावून उभ्या. एकही मागं घ्यायला तयार नाही. वॉचमन मध्ये उभा राहून हात जोडत होता. तुमचं भांडण वरपर्यंत ऐकू येत होतं. माऊलीचे पप्पा म्हणत होते, सासूबाई माझ्या गाडीत बसतील. अजिनाथ म्हणत होता, आई माझी आहे, माझ्या गाडीला मागं एसी आहे. शब्दसुद्धा बदलले नव्हते तुमचे.

मी डॉक्टरांना विचारून आईला मागच्या जिन्यानं उतरवलं, रिक्षा केली आणि स्टँड गाठला. तुम्ही वर येऊन रिकामी खाट बघितली असेल तेव्हा आम्ही गेवराईच्या गाडीत बसलो होतो, खिडकीजवळ. आता केसरबाई मावशीकडं आहोत. मावशीनं एका दिवसाच्या उशिरानं दिंडं उकडली. आई आंब्याच्या झाडाखाली बाजेवर बसून मला झोका खेळताना बघत होती. चव्वेचाळीस वर्षांची बाई झोका खेळते म्हणून मावशीच्या सुना हसल्या. मी उतरले नाही.

आईच्या डोळ्यात दिवसातून सहा वेळा औषध घालायचंय, चाळीस दिवस. तेवढे दिवस मी इथंच. त्याआधी भेटायचं असेल तर दोघांनी एसटीनं यायचं. एकाच गाडीनं, एकाच बाकावर शेजारी बसून. तिकिटं दाखवायची. कबुली लिहून आणायची नाही, लिहिणं तुमचं पुष्कळ झालं. गाडी दारात दिसली, कुठलीही, तर दार उघडणार नाही.

लोभ वाढवा असं लिहिण्याची पद्धत आहे. तुमचा लोभ मला नको आहे. तिची काळजी घ्या, एवढं जमलं तर बघा.

माऊलीची आई,
आणि तुझी बहीण,
मंगल

ता. क. एक राहिलं. निघण्याआधी आईनंही त्या खिडकीतून खाली बघितलं. कुणाची कोणती ते विचारलं. मी दाखवलं की काळ्या छताची माऊलीच्या पप्पांची आणि काचेच्या छताची अजिनाथची. ती बराच वेळ बघत राहिली. म्हणाली, सहा महिने ऐकतेय की दोन्हीत लई फरक आहे. मला दिसत नव्हता तर वाटायचं, माझ्या डोळ्याचा दोष असेल. आता डोळा साफ झाला तरी दिसत नाही. मी म्हटलं, जाऊ दे आई, चल. तर चालता चालता म्हणाली, मागची सीट तर दोन्हीला होतीच की.